गुडविलमध्ये धरलेला माणूस

“अहो बाई, छत्री! छत्री मिटा!”

आवाज आला तो थेट आभाळातून. आता आभाळातून कुणी हाक मारली तर माणूस आधी वर बघणार, छत्रीचं नंतर. तिनंही तेच केलं... आणि त्या उंच इमारतीच्या गच्चीवरच्या वाऱ्याला तेवढा वेळ पुरला. छत्री हातातून निसटली, हवेत उलटीसुलटी झाली आणि टॉवरच्या शिडीत जाऊन अडकली.

टॉवरवर एक माणूस होता. कमरेला पट्टा, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात पाना. तो सावकाश खाली उतरला, वाटेत छत्री सोडवली, नीट मिटली आणि तिच्यापुढे धरली.

“घ्या. या टॉवरवर काय काय लावलंय त्याची आमच्याकडे यादी असते. तीत छत्री नाही. उद्या ऑडिटवाले आले म्हणजे आमची पंचाईत.”

“आलेच आहेत,” ती म्हणाली. चष्म्यावर पावसाचे थेंब होते, केस तोंडावर आले होते आणि हातातली फाईल तिनं पोटाशी गच्च धरली होती. “पण मी ऑडिटवाली नाही. मी किमतीची वाटणी करणारी.”

“म्हणजे?”

“तुमची कंपनी विकली गेली, ते माहीत आहे ना?”

“पेपरात वाचलं. आमच्याबद्दलचं आम्हाला पेपरातूनच कळतं.”

ती हसली. कामाच्या ठिकाणी हसायचं नाही असा तिचा शिरस्ता होता, पण वाऱ्यानं आधीच तिची शोभा केली होती, मग हसायला कसली चोरी?

हे वाटणीचं प्रकरण आधी सांगून टाकलं पाहिजे, नाहीतर पुढचं प्रेमप्रकरण कळायचं नाही. एका मोठ्या टेलिफोन कंपनीनं एक लहान टेलिफोन कंपनी विकत घेतली होती. सह्या झाल्या, फोटो झाले, भाषणं झाली. मग प्रश्न आला, की एवढे पैसे मोजले ते नेमके कशाकशाचे? टॉवरचे किती, सरकारनं दिलेल्या लहरींच्या परवान्याचे किती, जमिनीखालच्या तारांचे किती आणि ग्राहकांचे किती? भावाभावांत घर वाटलं जातं तेव्हा न्हाणीघरापासून अंगणातल्या झाडापर्यंत सगळ्याचं मोल ठरतं, तसलंच हे काम. फक्त भांडणं कमी आणि कागद जास्त.

ते काम तिच्या फर्मकडे आलं होतं आणि फर्मच्या प्रमुखांनी, ज्यांना झाडून सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत, ते तिच्या स्वाधीन केलं होतं. “हे निभावलंस,” त्या म्हणाल्या होत्या, “तर पुढच्या वर्षी त्या कोपऱ्यातल्या केबिनच्या दारावर तुझी पाटी.” ती पाटी तिला हवी होती. अगदी जिवापाड हवी होती. घरी तिला लहानपणापासून ‘खमकी’ म्हणत ते उगाच नाही. एकदा मनात घेतलं की ती मागे फिरायची नाही.

टॉवर कागदावर असतात तसे जागेवर आहेत का, हे डोळ्यांनी बघून यायचं होतं. बंदराच्या भागातले टॉवर दाखवायला कंपनीनं तिच्याबरोबर तिथला नेटवर्क इंजिनियर दिला. जीपचं दार उघडून तोच टॉवरवरचा माणूस उभा होता आणि आज हेल्मेट नसल्यामुळे त्याचे कान लाल झालेले स्पष्ट दिसत होते.

“या, ऑडिटबाई.”

“मी ऑडिटवाली नाही.”

“बरं. या, ऑडिट न करणाऱ्या बाई.”

रस्ता समुद्राच्या कडेनं जात होता. खारट वारा, ओल्या दोरखंडांचा वास, लांबवर बोटींचे भोंगे. तो कमी वेगानं गाडी चालवत होता. रस्ता खराब आहे, असं त्याचं म्हणणं होतं. रस्ता इतका काही खराब नव्हता.

“सगळ्याला आयुष्य लावून द्यावं लागतं आम्हाला,” ती सांगत होती. “टॉवर किती वर्षं टिकेल, बॅटरी किती, ग्राहक किती. ग्राहक जितका जास्त टिकणारा, तितकी त्याची किंमत जास्त.”

“आणि सगळं वाटून उरेल ते?”

“ते गुडविल.”

“म्हणजे पैसे तर दिले, पण का दिले ते सांगता येत नाही, असं?”

“सांगता येतं हो. वेगळं काढून दाखवता येत नाही, इतकंच.”

त्यानं एक खड्डा चुकवला. मग म्हणाला, “आणि माणसं? मी, माझ्या हाताखालची पोरं, काउंटरवरच्या काकू... आम्ही कुठल्या रकान्यात?”

“माणसांची किंमत वेगळी लिहायची नाही, असा नियम आहे. माणूस काही कंपनीच्या मालकीचा नसतो ना. उद्या उठून निघून गेला तर? म्हणून माणसं गुडविलमध्येच धरायची.”

“म्हणजे मी गुडविल.”

“तुम्ही एकटे नाही. सगळेच.”

“सगळे नकोत,” गिअर बदलत तो म्हणाला. “मला एकट्यालाच धरा की.”

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. मग फाईल उघडून टॉवरच्या उंचीच्या जागी त्या दिवसाची तारीख लिहिली आणि ती खोडायला तिला बराच वेळ लागला.

असे टॉवरमागून टॉवर झाले. एकदा गाडीचं चाक चिखलात रुतलं तेव्हा तिनं चपला काढून धक्का मारला आणि तो स्टिअरिंग सोडून तिच्याकडे बघत बसला. एकदा त्यानं थर्मासातला चहा झाकणात ओतून तिला दिला आणि स्वतः थर्मास तोंडाला लावला, जीभ पोळली तरी कबूल केलं नाही. बोलणं सगळं बॅटऱ्यांचं आणि तारांचं. पण बॅटऱ्यांबद्दल बोलताना कुणी इतकं हसत नाही, हे तिच्या फर्ममधल्या एकाच्या लगेच लक्षात आलं. त्याचं नाव शंकासुर ठेवलेलं होतं. तिच्याच बरोबरीचा, तिच्याइतकाच हुशार आणि घड्याळात वाजलेले पाहूनही ‘नक्की?’ असं विचारणारा.

“तू टॉवर बघायला जातेस,” त्यानं विचारलं होतं, “की टॉवरवाला?”

“दोन्ही जागेवर आहेत का ते बघते,” ती फटकन म्हणाली. पण मनातून चरकली.

चरकायला कारण होतं. मोठ्या कंपनीनं एव्हाना परिपत्रक काढलं होतं, की वाटणीचा अहवाल आला म्हणजे ज्या भागातले ग्राहक टिकत नाहीत तिथलं केंद्र बंद करून शेजारच्या केंद्रात मिसळलं जाईल. आणि तिनं दिलेल्या कच्च्या अहवालात सगळ्यांत कमी टिकणारे ग्राहक होते बंदराचे. आकडे तसंच सांगत होते. बंदरावर माणसं आज येत, दोन-चार महिन्यांत नाहीशी होत. ते केंद्र बंद झालं की त्याचं काम गेलं, त्याच्या पोरांचं गेलं, काकूंचं गेलं. तिला ते माहीत होतं, त्याला सांगायची परवानगी नव्हती आणि त्याच्याशेजारी जीपमध्ये बसून चहा पिताना तो घोट खाली उतरत नव्हता.

त्याच्या हाताखालच्या एकानं शेवटी विचारलंच. “मॅडम, आमच्या बंदराचं काय होणार?”

“त्यांना विचारायचं नाही,” तो इतक्या करड्या आवाजात म्हणाला, की तो पोरगा केबलचं रीळ उचलून चालता झाला. मग तिच्याकडे वळून, आवाज उतरवून म्हणाला, “एक सांगतो. तुमचा आकडा तुमचा. मी त्याबद्दल एक अक्षर विचारणार नाही. आणि तुम्हीही... माझ्याकडे बघून तो बदलू नका.”

“मी कुणाकडे बघून आकडे बदलत नाही.”

“माहीत आहे. म्हणून तर—”

तो थांबला. फोन वाजला, कुठली तरी तार तुटली होती आणि तो गेला. ‘म्हणून तर’च्या पुढे काय असेल, याचा तिनं त्या आठवड्यात इतक्या प्रकारे विचार केला, की लहरींच्या परवान्यांवर सुद्धा तिनं एवढा विचार केला नव्हता.

मग तो पावसाचा दिवस आला. नमुन्यादाखल काही ग्राहकांचे अर्ज घ्यायला ती बंदराच्या केंद्रात गेली होती. बाहेर पाऊस कोसळत होता आणि नेमकं त्याच सकाळी एक मोठं मालवाहू जहाज धक्क्याला लागलं होतं. केंद्रात खलाशांची ही गर्दी! ओले बूट, पाठीवर पिशव्या, सगळीकडे पाण्याची थारोळी. पहिलाच एक आडदांड खलाशी काउंटरवर वाकून म्हणाला, “काकू, उठवा आमचा नंबर!”

“उठवते रे बाबा,” काकू म्हणाल्या. “झोपून झोपून अंग धरलंय त्याचं.”

ती कोपऱ्यात अर्ज चाळत बसली होती. तिनं मान वर केली. “काकू, हे नवीन ग्राहक ना?”

“नवीन?” काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. “अहो, याचं लग्न ठरलं ते याच नंबरावर बोलून. आता दोन मुलींचा बाप आहे हा. बोट लागली की येतो, नंबर उठवतो. बोट सुटली की नंबर झोपतो.”

ती उठली आणि काकूंच्या मागे जाऊन उभी राहिली. पडद्यावर त्या दोन मुलींच्या बापाचं नाव होतं. त्याच्यापुढे लिहिलं होतं, ग्राहक झाल्याची तारीख. तारीख आजची होती.

“पुढचा घ्या,” ती म्हणाली. पुढचाही जुना, तारीख आजचीच. त्याच्या पुढचाही तसाच.

खलाशी महिनोन्‌महिने समुद्रावर असतात. लहान कंपनी त्यांचे नंबर त्यांच्यासाठी राखून ठेवायची, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. मोठ्या कंपनीचा नियम वेगळा. तीन महिने नंबर मुका राहिला की ग्राहक गेला, आणि पुन्हा बोलला की नवा आला. सगळी माहिती मोठ्या कंपनीच्या यंत्रात भरताना हाच नियम लागला होता. त्यामुळे कागदावर बंदराचे ग्राहक म्हणजे धर्मशाळेतले पाहुणे झाले होते. प्रत्यक्षात ती वर्षानुवर्षांची घरची माणसं. आणि तिनं काय केलं होतं? ती तारीख कुठून आली हे न विचारता, थंडगार ऑफिसात बसून, उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या.

“काय झालं?” तो दारातून आत आला होता. रेनकोटवरून पाणी निथळत होतं. “चेहरा का असा पडला?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणताना तुमची भुवई वर जाते. डावी.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. ओल्या केसांकडे, लाल कानांकडे, रेनकोटच्या वरखाली लागलेल्या बटणांकडे. आणि तिला एका क्षणात दोन गोष्टी कळल्या. एक, तिचा आकडा साफ चुकला होता. दुसरी, हा माणूस तिला आयुष्यभरासाठी हवा होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण एकाच वेळी कळायला नको होत्या.

“मला जायला हवं,” ती म्हणाली आणि पावसात बाहेर पडली. अर्ज टेबलावरच राहिले.

घरी आईनं ताट वाढलं, तिनं नुसतं चिवडलं.

“खमकी आज जेवत नाहीये,” आई ताईला म्हणाली. “ऑफिसात काही बिनसलं वाटतं.”

“ऑफिसात बिनसलं की ही दुप्पट जेवते,” मोठी बहीण म्हणाली. ताईचं लग्न दोन गल्ल्या सोडून झालं होतं आणि ती रोज संध्याकाळी इथं काहीतरी विसरलेलं न्यायला यायची. आई उठून आत गेल्यावर ती जवळ सरकली. “कोण आहे?”

“कोण कुठं?”

“ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.”

मग तिनं सांगितलं. टॉवरवाला, काकू, झोपलेले नंबर, सगळं. ताई हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती.

“गप्प बसलीस तर?”

“बंदर बंद. आणि खोट्या आकड्यावर माझी सही.”

“आणि बदललास आकडा तर?”

“तर शंकासुर म्हणेल, मोठी कंपनी म्हणेल, प्रेमात पडली आणि आकडा फिरवला. अहवाल फेकून देतील, जुनाच आकडा धरतील. तेव्हाही बंदर बंदच.”

“मग गं?”

“मग आकडा दुसऱ्या कुणीतरी काढायचा. ज्याला त्या माणसाचे कान लाल होतात की निळे, याच्याशी काही देणंघेणं नाही, त्यानं. पण ते काम माझ्याकडून काढून घ्या म्हणायचं तर कारण द्यावं लागेल.” तिनं ताट बाजूला सारलं. “उद्या सांगून टाकते. मला तो आवडतो म्हणून.”

“अगं, चांगलंच आहे की! सांग ना त्याला.”

“त्याला नाही. मोठ्या बाईंना.”

ताईनं कपाळावर हात मारला. “जगातल्या मुली आधी मुलाला सांगतात गं!”

“जगातल्या मुली किमतीची वाटणी करत नाहीत,” ती म्हणाली. “ताई, पाटी जाईल बहुतेक.”

“हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं,” ताई म्हणाली आणि तिला जवळ घेतलं. नको करूस, असं मात्र म्हणाली नाही. घरातलं सगळ्यांना माहीत होतं, खमकीनं ठरवलं म्हणजे ठरलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये शंकासुरही बसला होता. तो बाहेर जाईल म्हणून ती थांबली, पण तो हलेना. मग म्हटलं, बरंच आहे, एकदाच बोलावं लागेल.

“बाई, बंदराचा माझा आकडा चुकला आहे.” तिनं खलाशांचं सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून ठेवला, ही त्यांची काळजीत पडल्याची खूण. “चूक माझी आहे. ती तारीख मी तपासायला हवी होती.”

“मग दुरुस्त कर. अजून वेळ आहे.”

“मी नाही करू शकत. तिथला नेटवर्क इंजिनियर...” तिनं टेबलाची कडा धरली. “मला आवडतो.”

शंकासुरानं पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

“आवडतो म्हणजे?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे... आवडतो, बाई. आणखी कसं सांगू?”

“त्याच्याशी बोललीस?”

“नाही. काम संपेपर्यंत बोलणार नाही.”

“त्याच्या मनात काय आहे?”

“ठाऊक नाही.”

“म्हणजे त्या बिचाऱ्याला पत्ता नाही आणि आम्हाला मात्र जाहीर सूचना?”

“नियम तसाच आहे ना,” ती म्हणाली. तोंड तापल्यासारखं झालं होतं, पण नजर तिनं खाली केली नाही. “बंदराचं काम याला द्या. हा माझ्यावर विश्वास ठेवणार नाही, काकूंवर ठेवणार नाही. कुणावरच ठेवणार नाही. त्यानं स्वतः जाऊन बघावं आणि जे निघेल ते लिहावं.”

शंकासुर खुर्चीत ताठ बसला. हा आपला अपमान आहे की गौरव, याची त्याला शंका आली असावी.

मोठ्या बाईंनी काढलेला चष्मा रुमालानं पुसला. मग म्हणाल्या, “ठीक. पण नियम पुरता ऐकून घे. हे एकतर्फी असेल, तर तू फक्त बंदराचं सोडायचंस, बाकीचं काम तुझंच. दोन्हीकडून असेल, तर मात्र पूर्ण कामातून बाहेर. आणि मग पाटीचं या वर्षी विसरायचं. नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या आपल्या कम्प्लायन्सच्या बाई आज चौकशी करतील.”

“करू देत. काय विचारायचं ते विचारा मला.”

“तुला नाही. त्याला.”

“कुणाला?”

“अगं, त्यालाच. फोन करून.”

“बाई, नको!” टॉवर, वारा, चिखल, कशालाही न भ्यालेली ती मुलगी आता खरोखर घाबरली. “ते काय म्हणतील? मी त्यांच्याशी साधं...”

“नियम तसाच आहे ना,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा चढवला.

तो दिवस कसा गेला ते तिचं तिला माहीत. फोन वाजला की ती खुर्चीतून अर्धी उठायची. कुणीतरी अनोळखी बाई कोरड्या आवाजात त्याला विचारणार, आणि तो... चकित होणार? हसणार? की त्या ‘म्हणून तर’च्या पुढे भलतंच काही होतं, म्हणून सरळ नाही म्हणून टाकणार? नाही म्हणाला तर परवान्यांचं काम तिचंच राहणार होतं, पाटीही राहणार होती. आणि ती मनातल्या मनात म्हणत होती, पाटी नको. देवा, पाटी नको.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोठ्या बाईंनी बोलावलं. त्या खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

“आजपासून तू या कामावर नाहीस.”

“बंदराच्या?”

“पूर्ण कामावर. टॉवर, परवाने, तारा, सगळं दुसऱ्याकडे सोपव. अहवालावर सही होईपर्यंत त्या कंपनीतल्या कुणाशी बोलायचं नाही. त्यालाही तसंच सांगितलं आहे.”

“पूर्ण...” ती म्हणाली. “पूर्ण कामावर नाही?”

“पूर्ण,” बाई म्हणाल्या आणि वळल्या तेव्हा हसू लपवत होत्या.

फायली सोपवताना शेजारच्या टेबलावरची माणसं हळहळली. एवढं मोठं काम हातचं गेलं, बिचारी! आणि बिचारीच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. पाटीचं दुःख खरं होतं, कोपऱ्यातल्या केबिनवरून जाताना तिच्या डोळ्यांत पाणीही आलं. पण त्या पाण्यातूनही ती हसत होती, याला काय करणार?

मग आठवडे गेले. तिला एका खेळण्यांच्या कारखान्याचा घसारा काढायला बसवलं होतं. तो तिकडे, ती इकडे, मध्ये नियम. ज्या माणसाच्या हाताखाली सगळ्या भागाचं नेटवर्क होतं, त्याला तिला एक फोन करता येत नव्हता. आणि शंकासुर रोज बंदरावर जात होता, भिजून येत होता, आल्यावर तोंडातून अवाक्षर काढत नव्हता. त्याला सापडलं नाही तर? तो फक्त आजच्या तारखा बघून परत आला तर? ती रोज त्याच्या चिखलानं भरलेल्या बुटांकडे बघायची आणि प्रश्न गिळायची. विचारायचं नाही, हे तिनंच तर ठरवलं होतं.

सही झाली त्या दुपारी शंकासुर आपण होऊन तिच्या टेबलाशी आला.

“आता सांगायला हरकत नाही. तुझ्यावर माझा विश्वास नव्हता.”

“माहीत आहे.”

“त्या काकूंवरही नव्हता. खलाशांवर तर मुळीच नाही. म्हणून लहान कंपनीची जुनी बिलं काढली, बोटी कधी लागल्या, कधी सुटल्या ते बंदरातून आणलं आणि दोन्ही ताडून पाहिलं.”

“मग?”

“मग काय? एवढे टिकणारे ग्राहक त्या अख्ख्या कंपनीत दुसरीकडे नाहीत. तू म्हणाली होतीस त्याहून चांगले. केंद्र राहतंय.” त्यानं सुस्कारा सोडला. “मला काही हे आवडलं नाही. शंका घ्यायला जागाच उरली नाही.”

ती खुर्चीतून उठली ती पर्स घेऊनच.

“एक राहिलीय,” शंकासुर मागून म्हणाला. “तुझ्या त्या टॉवरवाल्याबद्दल. पण ती तूच जाऊन फेड.”

बंदरावर पाऊस भुरभुरत होता. केंद्रात ग्राहकांची रांग होती आणि तो काउंटरच्या आत, बिघडलेल्या मशीनची तार तपासत वाकला होता. काकूंनी त्याच्या खांद्यावर टिचकी मारली. तो उठला आणि त्याचे कान बघता बघता लाल झाले.

“ऑडिटबाई...”

“मी ऑडिटवाली नाही. आता तर वाटणीवालीही नाही. तुमच्या एका ‘हो’मुळे पूर्ण काम गेलं माझं.”

त्याचा चेहरा उतरला. “काम गेलं? माझ्यामुळे?”

“आणि केबिनही.”

“मला कुणी सांगितलं नाही हो. माहीत असतं तर...”

“तर नाही म्हणाला असता?”

तो विचारात पडला. खरोखर विचार केला त्यानं. “नाही,” तो शेवटी म्हणाला. “तरी होच म्हणालो असतो. मग येऊन माफी मागितली असती.”

हे उत्तर तिला इतकं आवडलं, की तिला रागाचा आव टिकवता येईना. “काय विचारलं त्या बाईंनी? शब्द न्‌ शब्द सांगा.”

“त्या म्हणाल्या, अमुक अमुक बाईंशी तुमचं व्यक्तिगत नातं आहे का? मी म्हटलं, एक मिनिट, मी बसून घेतो. मग मीच विचारलं, असं ऑडिटबाई म्हणाल्या का? तर म्हणे, आम्हाला सांगता येत नाही. मी म्हटलं, मग लिहा, आहे.”

“आणि?”

“कधीपासून, म्हणून विचारलं. मी सांगितलं, या फोनपासून.”

काकूंनी हातातला शिक्का खाली ठेवला. रांगेतला कुणीही तक्रार करत नव्हता.

“आणखी काय विचारलं?”

“नातं कोणतं, ते.” त्यानं ओले हात विजारीला पुसले. “म्हटलं, ते माझ्या एकट्याच्या हातात नाही, त्यांना विचारून कळवतो. काल पुन्हा फोन आला होता. तेवढं एक उत्तर राहिलंय म्हणे. मी म्हटलं, थांबा, सही झाल्याशिवाय विचारायची परवानगी नाही.” तो एक पाऊल पुढे आला. “आता सही झालीय. विचारू का... म्हणजे, मला असं म्हणायचं होतं, की तुमच्या मनात—”

“लावा त्यांचा नंबर,” ती म्हणाली.

“आत्ता?”

“आत्ता.”

त्यानं नंबर लावला. पलीकडे घंटी वाजायला लागली तसा तिनं फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

“नमस्कार. त्या टेलिफोन कंपनीच्या कामातलं एक उत्तर तुमच्याकडे राहिलंय ना? बंदराच्या इंजिनियरचं? हो, मीच बोलतेय. लिहून घ्या.” तिनं श्वास घेतला. “होणारा नवरा.”

मागे कुणीतरी शिट्टी घातली. पलीकडच्या बाईंचा आवाज मात्र तसाच कोरडा होता. त्यांनी विचारलं, की संबंधित व्यक्तीला याची कल्पना आहे का?

तिनं मान वळवून पाहिलं.

“आहे,” ती म्हणाली. “आत्ताच आलीय. खाली बसलेत ते.”